खाटेची बाटली, दाराचा डिस्पेन्सर, खिशातली कुपी: वॉर्डातल्या हँडरब साधनांची पारख

हँडरब, म्हणजे पाण्याशिवाय हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, विकत घेताना रुग्णालयाची खरेदी समिती दोन गोष्टी बघते: लिटरचा भाव आणि लेबलवरचे ९९.९ टक्के. वॉर्डात त्या दोन्हींना फारसा अर्थ उरत नाही. बाजारातली प्रामाणिक द्रावणं जंतू मारतातच, फक्त ती हातावर यायला हवीत. ती येतात की नाही हे बाटली कुठे आहे, एका दाबात किती पडतं आणि पन्नासाव्या वेळी हात चिकट होतो का, यावर ठरतं. म्हणून इथे द्रावणाच्या आधी ते देणारी साधनं तपासली आहेत, आणि कसोटी एकच ठेवली आहे: दुसरा क्षण.

जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण बहुतेक वॉर्डांत भिंतीवर लावलेले असतात. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. यातला दुसरा सगळ्यात अवघड. सिस्टर खाटेजवळ येते, पडदा ओढते, उशी सारते, नाडी बघते, सलाईनची गती ठीक करते आणि मग थ्री-वेचं (सलाईनच्या नळीला जोडलेल्या तोटीचं) टोपण काढून अँटिबायोटिक देते. टोपण काढण्याआधी हात पुन्हा चोळायला हवेत, कारण तेवढ्यात पडदा, कठडा आणि रुग्णाची त्वचा असं तिन्ही हाताला लागलेलं असतं. नेमक्या त्याच वेळी तिच्या एका हातात भरलेल्या सिरिंजांचा ट्रे असतो. बाटली दाराशी असेल तर ती आठ-दहा पावलं मागे जाऊन परत येणार नाही. नियम तिला पाठ असतो, पण तो पाळायचं साधन हाताच्या टप्प्यात नसतं.

आकडेही हेच सांगतात. जगभरातल्या अभ्यासांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा आहे. त्यात हात स्वच्छ करण्याचं नियमपालन एकूण ४० टक्क्यांच्या आसपास निघालं: परिचारिकांचं ४८, डॉक्टरांचं ३२. (राऊंडला मागे उभ्या असलेल्या सिस्टरला ओरडणाऱ्या साहेबांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा.) त्याहून महत्त्वाची तफावत अशी की रुग्णाला हात लावण्यापूर्वीचं पालन २१ टक्के होतं आणि नंतरचं ४७. बेडपॅन उचलल्यावर हात धुवायला कोणाला सांगावं लागत नाही, किळस ते काम करते. स्वच्छ दिसणारा हात केवळ समोरच्यासाठी पुन्हा स्वच्छ करायचा असतो तेव्हा किळस मदतीला येत नाही. तिथे साधनच सोयीचं हवं.

आता एकेक साधन. सगळ्यात जुनं म्हणजे बेसिन आणि साबण. योग्य पद्धतीने हात धुवायला, कोरडे करण्यासकट, ४० ते ६० सेकंद लागतात. हँडरबला २० ते ३०. त्यात बेसिनपर्यंत जाणं-येणं धरा. १९९७ सालच्या एका प्रसिद्ध हिशेबात, १२ परिचारिकांच्या आयसीयूत शंभर टक्के वेळा साबणाने हात धुवायचे ठरवले तर एका दिवसपाळीत १६ तासांचं मनुष्यबळ फक्त त्यात जाईल असं निघालं. अल्कोहोलने तेच काम ३ तासांत होतं. म्हणजे फक्त बेसिनच्या भरवशावर नियम पाळा असं सांगणं हा व्यवस्थापनाने केलेला विनोदच. तरी बेसिन लागतंच. हात दिसायला मळके असतील, रक्त लागलं असेल किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचा जुलाब असेल तर अल्कोहोल पुरत नाही. या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते चोळून पाण्याने वाहून घालवावे लागतात. दहा खाटांमागे निदान एक बेसिन हवं, असं संघटनेचं माप आहे.

बेसिन बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींनी. नळ फिरकीचा असेल तर धुतलेल्या हाताने तोच नळ बंद करावा लागतो. कोपराने चालणारा लांब दांड्याचा नळ याच्यासाठीच असतो. साबणाची वडी साचलेल्या पाण्यात पडून असेल तर तिची खळ होते, म्हणून जाळीची साबणदाणी आणि वडीचे छोटे तुकडे. लिक्विड सोपच्या अर्ध्या बाटलीत वरून नवं ओतणं ही सर्रास सवय आहे आणि ती वाईट आहे. तळाशी राहिलेल्या पातळ साबणात स्यूडोमोनास आणि सेराशियासारखे जंतू वाढतात आणि मग धुतलेला हात न धुतलेल्यापेक्षा वाईट ठरतो. बाटली पूर्ण संपवा, धुवा, वाळवा आणि मगच भरा. तेही जमत नसेल तर वडीच बरी. आणि खिळ्याला टांगलेला सकाळपासूनचा एकच टॉवेल असेल तर वरचं सगळं फुकट.

भिंतीवरचा कोपराने दाबायचा डिस्पेन्सर दिसायला भक्कम असतो. स्टीलचा दांडा, मागे ५०० मि.लि. किंवा १ लिटरची बाटली. पंप चांगला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. एका दाबात किती पडतं ते मोजा: सिरिंजचा दट्ट्या काढून, टोक बंद करून खाली धरा. बऱ्याच पंपांतून १ ते १.५ मि.लि. येतं आणि लागतं साधारण ३ मि.लि., म्हणजे दोन-तीनदा दाबायला हवं. हे कोणी सांगत नाही, एकदा दाबून दहा सेकंदांत हात कोरडे होतात आणि ‘केलं’ अशी खूण होते. दुसरं, त्याच कंपनीची बाटली बसते की कुठलीही? त्या कंपनीचाच कार्ट्रिज लागत असेल तर पुढच्या वर्षी दरकरार बदलला की भिंतीवर नुसते स्टीलचे सांगाडे उरतात. तिसरं, बाटली रिकामी झालेली बाहेरून दिसते का? दिसत नसेल तर सिस्टर दोनदा दाबून बघते, काही येत नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या भिंतीकडे हात वळतच नाही. दुसऱ्या क्षणाच्या कसोटीवर हा डिस्पेन्सर नापास. तो वॉर्डात शिरता-निघताना, नर्सिंग स्टेशनवर आणि ड्रेसिंगरूमच्या दारात ठीक.

खाटेच्या पायथ्याशी तारेच्या कड्यात अडकवलेली साधी ५०० मि.लि. पंपबाटली ही या सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. एका हातात ट्रे असताना दुसऱ्याने पंप दाबून तळव्यात घेता येतं, ट्रे लॉकरवर ठेवून चोळता येतं, आणि रुग्णाकडे पाठ फिरवावी लागत नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिटे यांच्या चमूने १९९४ पासून हेच केलं: बाटल्या खाटेशी आणि खिशात आणल्या, जोडीला पोस्टर आणि मोजणी. १९९७ पर्यंत पालन ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. यातलं सगळं श्रेय बाटलीचं नाही, पण बाटली दाराशीच राहिली असती तर पोस्टरांनी एवढं झालं नसतं.

कडं निवडताना ते बाटलीला मानेशी धरतं की फक्त तळाशी, हे बघा. तळाशी धरणाऱ्या कड्यात एका हाताने दाबलं की बाटली कलंडते, मग दुसरा हात लागतो आणि कसोटी तिथेच संपते. तार पातळ असेल तर स्ट्रेचर घासून आठवड्यात वाकते, ४ मि.मी.ची सळई घ्या. बाटल्या हरवतात ही तक्रार खरी आहे. नातेवाईक नेतात, मुलं खेळतात, आणि दारूच्या व्यसनाचा रुग्ण ती पितोही. ही शक्यता कागदोपत्री नाही. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली. मनोरुग्ण, व्यसनमुक्ती आणि बालरोग वॉर्डात खाटेला बाटली नको. बाकी ठिकाणी कड्याला कुलपी क्लिप मिळते, ती लावा. पण चोरी होते म्हणून सगळ्या बाटल्या इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात बंद करणं हा उपाय नव्हे. कपाटातली बाटली चोरीला जात नाही, तशीच ती कोणाच्या हातालाही लागत नाही.

खाटेला बाटली नको असं वर सांगितलेल्या वॉर्डांसाठी खिशातली ५० किंवा १०० मि.लि.ची कुपी. १०० मि.लि.मध्ये ३३ वेळा हात होतात, म्हणजे आयसीयूत एक पाळीही पुरत नाही. टिचकीचं झाकण उघडायला दोन हात लागतात आणि कुपीची बाहेरची बाजू दिवसभर प्रत्येक ‘आधी’च्या, म्हणजे अजून न चोळलेल्या हाताने धरली जाते. मोठ्या बाटलीतून कुप्या भरायच्या ठरवल्या तर त्या धुणं, वाळवणं, त्यांवर तारीख घालणं हे काम कोणाच्या तरी नावावर चढतं, आणि वॉर्डात असं काम नेहमी सिस्टरच्याच नावावर चढतं. घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकांसाठी आणि १०८ च्या रुग्णवाहिकेत मात्र कुपीला पर्याय नाही.

सेन्सरच्या यंत्रांबद्दल थोडक्यात: उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात. सेल संपतात आणि सेलचा इंडेंट (मागणीपत्र) वेगळ्या विभागातून येतो. जेलच्या यंत्रात पातळ द्रावण भरलं की गळतं, पातळाच्या यंत्रात जेल भरलं की नोझल तुंबते आणि फवारा तिरका उडून डोळ्यात जातो. कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांसाठी ठेवायला हरकत नाही. २०२० मधले पायाने दाबायचे लोखंडी स्टँड अजून कित्येक दवाखान्यांच्या दारात गंजत उभे आहेत. त्यांच्यावर आता चपला ठेवायची सोय झाली आहे.

आता आतलं द्रावण. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत ‘स्टेरिलियम’ हे नाव डालड्यासारखं झालं आहे, कुठल्याही निळ्या हँडरबला तेच म्हणतात. मूळ स्टेरिलियम हँबुर्गच्या बोडे कंपनीने १९६५ साली आणलं. १०० ग्रॅममध्ये ४५ ग्रॅम २-प्रोपॅनॉल, ३० ग्रॅम १-प्रोपॅनॉल आणि ०.२ ग्रॅम मेसेट्रोनियम एथिलसल्फेट. लेबल वाचताना एवढंच बघा की अल्कोहोल कोणतं आणि किती टक्के आहे ते स्पष्ट लिहिलंय. ६० टक्क्यांखाली काही घेऊ नका, शुद्ध अल्कोहोलही नको: थोडं पाणी असल्याशिवाय प्रथिनं नीट गोठत नाहीत आणि जंतू वाचतात. जेल की पातळ, यात रुग्णालयासाठी पातळच. २००२ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या तपासणीत दहापैकी एकही जेल ३० सेकंदांत युरोपच्या ईएन १५०० कसोटीला उतरलं नव्हतं. नंतरची जेल सुधारली, पण पाचव्या-सहाव्या वेळी हातावर जमणारा थर बऱ्याच जेलांत अजून आहे. त्या थरावर हातमोजा चढत नाही, आणि मोजा चढेना की पुढच्या वेळी सिस्टर हँडरबच टाळते.

मोज्यांचीही एक गंमत आहे. पावडरचे मोजे काढल्यावर लगेच हँडरब घेतलं की पिठूळ चिखल होतो. मग हात धुवावे लागतात, वेळ जातो, आणि ‘मोजे होते ना’ म्हणून तेही राहतं. हँडरब खरेदी करणाऱ्याने त्याच फाइलवर बिनपावडरीचे मोजे मागितले नाहीत तर अर्धे पैसे वाया. मोज्यांना सूक्ष्म छिद्रं असतात, आणि ते काढताना मनगट माखतं. मोजा घातला म्हणजे हात स्वच्छ, ही समजूत नियम मोडण्याचं सगळ्यात सभ्य कारण आहे.

पण सिस्टर हँडरब नाकारतात त्यामागचं सगळ्यात खरं कारण कातडी आहे, आणि ते कारण उलटं समजलं जातं. साबण आणि क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचं स्क्रब त्वचेतला तेलकट थर धुऊन नेतात. त्वचेला बारीक चिरा पडतात. त्या चिरांवर अल्कोहोल झोंबतं. झोंबलं की दोष अल्कोहोलला जातो, सिस्टर पुन्हा साबणाकडे वळते, चिरा वाढतात. प्रत्यक्षात ग्लिसरीन असलेलं हँडरब साबणापेक्षा त्वचेला सौम्य असतं. वाईट आहे ती जोडगोळी: आधी धुवायचं आणि ओल्या हातावर लगेच हँडरब घ्यायचं. ओलाव्याने अल्कोहोल पातळ होतं आणि त्वचा दुहेरी सोलवटते. दोन्हींपैकी एक करा. हात धुवायचे तर साध्या पाण्याने, गरम नको. पुसताना टिपा, घासू नका. पाळी संपल्यावर क्रीम लावायचं, आणि ते रुग्णालयाने द्यायचं. क्रीमची ट्यूब हँडरबच्या इंडेंटमध्ये असावी, सौंदर्यप्रसाधन म्हणून स्टोअरने ती खोडू नये. वॉर्डात आता लाल, खरखरीत हात झालेल्या सिस्टर असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. तोवर त्यांचं ऑडिट करण्यात अर्थ नाही.

वास आणि चव हे आणखी एक कारण. काही द्रावणांत पिऊ नये म्हणून डिनॅटोनियम घातलेलं असतं. ते भयंकर कडू असतं आणि हाताने जेवणाऱ्या माणसाच्या पहिल्या घासाला लागतं. डबा खायला बसण्याआधी साबणाने हात धुवा, एवढं सांगितलं तरी निम्मी तक्रार मिटते. कोकणात, मुंबईत, पावसाळ्याच्या दमट हवेत ग्लिसरीनचा चिकटपणा जास्त जाणवतो. त्यासाठी दोन-तीन उत्पादनांचे नमुने जुलैत वापरून बघा, जानेवारीत नव्हे.

मनगटाबद्दल बोलायला सगळे कचरतात. हिरव्या बांगड्या, घड्याळ, अंगठी, देवाचा दोरा: अंगठीखाली जंतू टिकतात, बांगड्या असल्या की मनगट चोळलं जात नाही, दोरा ओला राहतो. ‘काढा’ असा फतवा काढला की नुसता वाद होतो. ज्या वॉर्डात इन्चार्ज सिस्टर आणि राऊंडचे डॉक्टर स्वतः घड्याळ खिशात ठेवतात तिथे बाकीच्यांना सांगावं लागत नाही. घरी बांगड्या, पाळीत मोकळं मनगट, आणि काढलेल्या वस्तू ठेवायला कुलपाचा कप्पा. तो नसेल तर सोन्याची अंगठी कोण काढेल?

पैसे वाचवायला हँडरब स्वतः बनवता येतं. संघटनेच्या सूत्रात १० लिटरसाठी ९९.८ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१५ मि.लि., ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मि.लि. आणि ९८ टक्क्यांचं ग्लिसरॉल १४५ मि.लि. लागतं, उरलेलं उकळून गार केलेलं पाणी. इथेनॉलचं सूत्र हवं असेल तर ९६ टक्क्यांचं ८३३३ मि.लि., बाकी तेच. पण इथेनॉल ठेवायला उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, म्हणून इथे आयसोप्रोपिल सोपं. ग्लिसरॉल घट्ट असतं, मापपात्राला चिकटून राहतं, म्हणून ते पात्र पाण्याने खंगाळून त्यातच ओता. पेरॉक्साइड हात निर्जंतुक करायला नसतं, बाटलीतले बीजाणू मारायला असतं. त्यासाठी भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवायच्या आणि मगच वॉर्डात द्यायच्या. अल्कोहोलमीटरने टक्के तपासा. ‘घाई आहे’ म्हणून ७२ तास चुकवणारे आणि मीटर न घेणारे फार्मासिस्ट असतील तर विकतचंच घ्या. दोन्ही सूत्रांचा भडका उडण्याचा बिंदू २० अंशांखाली आहे. विदर्भातल्या मे महिन्यात स्टोअर किती तापतं ते आठवा आणि साठा ऑक्सिजन सिलिंडरच्या खोलीत ठेवू नका.

लागतं किती? संघटनेचं किमान माप १००० रुग्णदिवसांना २० लिटर आहे, म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला २० मि.लि., जेमतेम सात वेळा. ३० रुग्णांच्या वॉर्डाला दिवसाला ६०० मि.लि., महिन्याला १८ लिटर, ५०० मि.लि.च्या ३६ बाटल्या. आता आपल्या वॉर्डाचा इंडेंट काढून बघा. महिन्याला सहा बाटल्या जात असतील तर एका रुग्णामागे दिवसाला साडेतीन मि.लि.सुद्धा पडत नाही. एका रुग्णासाठी सगळ्यांनी मिळून दिवसातून एकदा हात चोळला एवढाच त्याचा अर्थ. मग त्याच महिन्याच्या ऑडिटमध्ये ८५ टक्के पालन लिहिलेलं असेल तर कोणता कागद खरा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ऑडिट खोटं असतं असंही नाही. इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर फाइल घेऊन उभी राहिली की बाटल्या दाबल्या जातात. टोरांटोच्या एका रुग्णालयात यंत्राने मोजलं तेव्हा निरीक्षक दिसत असताना डिस्पेन्सरचा वापर जवळजवळ तिप्पट निघाला. म्हणून निरीक्षण आणि खप दोन्हींची नोंद ठेवा, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने घाला. खाट क्रमांक ७ ची बाटली तीन आठवडे अर्धीच असेल तर सातला काहीतरी अडतंय: कडं वाकलंय, पंप अडकलाय, किंवा त्या बाजूला भिंत असल्याने कोणी जातच नाही.

एक मर्यादा कुठल्याच साधनाने ओलांडली जात नाही. काम जितकं घाईचं तितकं पालन कमी, हे पिटे यांच्याच १९९९ च्या पाहणीत दिसलं होतं. रात्री चाळीस खाटांना एक सिस्टर, त्यात दोन नवे दाखल आणि एक फेफरं, अशा वेळी खाटेची बाटली मदत करते, चमत्कार करत नाही. सिस्टरच्या नोकरभरतीचा कागद अडलेला असताना डिस्पेन्सरवर खर्च करून ‘आम्ही उपाय केला’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खरेदीपूर्वी चाचणी घ्या. संघटनेच्या पद्धतीत ४० जणांना तेच एक द्रावण सलग ३ ते ५ दिवस, रोज किमान ३० मि.लि. वापरायला देतात आणि रंग, वास, चिकटपणा, वाळायचा वेळ, त्वचेचा कोरडेपणा यांना गुण द्यायला लावतात. वर बाटलीवरचं नाव झाका. चाळीसांत रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशी हव्यात. नमुन्याच्या बाटल्या मेट्रनच्या टेबलावर ठेवून सह्या गोळा करायच्या असतील तर चाचणी करूच नका. त्या वॉर्डातल्या सगळ्यात कोपऱ्यातल्या खाटेला टांगा आणि पाचव्या दिवशी किती उरलंय ते बघा.